सुशिलाबाईच्या वाटची झोप

नागऱ्यावरून कामठ्याकडे निघालं की डाव्या हाताला एकापाठोपाठ तीन धुराडी लागतात. तिन्ही सुशिलाबाई टेंभरेची. खाली तांदळाच्या मिला, वर धूर, आणि मधल्या पटांगणात डोक्यावर पदर अन् कानाला फोन लावून भरभर चालणारी बाई दिसली, तर ती तीच. तिला उभी राहिलेली कोणी पाहिली नव्हती. बसलेली तर सोडूनच द्या.

अठराव्या वर्षी ती लग्न होऊन इथे आली तेव्हा एकच हलर होतं, तेही दमेकऱ्यासारखं खोकत चालायचं. नवरा छोटेलाल भला माणूस. धान भरडायचा, आल्यागेल्याशी बोलायचा आणि दुपारचं जेवण झालं की तुसाच्या शेडच्या सावलीत सुतळीची खाट टाकून तासभर निजायचा. मिल चालो की बंद पडो.

"तुमी निजता म्हनून मिल एकच राहिली," सुशिलाबाई टोमणा मारायची.

"अन् मी निजतो म्हनून तुह्यं बोलनं सहन होते," छोटेलाल डोळे न उघडता म्हणायचा.

अकरा वर्षांपूर्वी तो तापानं गेला. झोपेनं गेला नाही, हे सांगितलेलं बरं, कारण सुशिलाबाईनं मनात कुठेतरी तसंच धरलं होतं. खाट शेडमध्ये तशीच राहिली आणि ती कामाला लागली. एकाच्या तीन मिला झाल्या. धान हौदात भिजवून, वाफवून, वाळवून मग भरडायचं, असा उसना तांदूळ तिच्याकडून पार दूरदूर जायला लागला. नव्वद माणसं हाताखाली आली. मिलवाल्यांच्या सभेत पंचवीस पँटींमध्ये ती एकटी लुगड्याची, आणि पंचवीसही तिच्याकडे बघून मान हलवायचे.

झोप म्हणाल तर रात्री तीन-चार तास, तेही फोन उशाशी घेऊन. भुकेला कोंडा अन् निजेला धोंडा म्हणतात. तिच्या अंगणात कोंड्याचे ढीग लागले होते, पण डोकं टेकायला धोंडा काही सापडत नव्हता.

सून नीतू मोठ्या हौसेनं तिला दोन दिवस नवेगाव बांधला घेऊन गेली. पुढ्यात एवढा तलाव, पाखरं, वारा. सुशिलाबाई तलावाकडे पाठ करून बसली, कारण त्या बाजूला फोनला रेंज होती. संध्याकाळी दोघी परत.

त्या उन्हाळ्यात ती पोती मोजायच्या काट्यापाशी चक्कर येऊन पडली. गोंदियाच्या डॉक्टरनं नाडी धरली आणि चष्मा काढला.

"बाई, आराम करा. नाही केला, तर एक दिवस आरामच तुम्हाला घेऊन जाईल."

"किती वाजता करू? टाइम लिहून द्या."

डॉक्टरनं खरंच लिहून दिलं, दुपारी एक ते दोन. तो कागद तिनं फायलीत लावला. फाईल कुठे गेली ते फायलीलाच माहीत.

मग पोळा आला.

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलांचे खांदे शेकतात, हे सांगायला नको. कोमट तुपात हळद घालायची, पळसाच्या पानानं खांद्याला चोळायची आणि म्हणायचं, आज आवतन घ्या, उद्या जेवाले या. वर्षभर ज्यानं ओढलं त्याला जेवणाचं बोलावणं. दुसऱ्या दिवशी त्याच्या मानेवर जू ठेवायचं नाही. टेंभऱ्यांचे बैल केव्हाच गेले होते, पण सुशिलाबाईनं रीत सोडली नव्हती. ओढतो कोण, तर मशीन. म्हणून ती दरवर्षी मशीनच्या दांड्याला हळद-तूप चोळायची, आवतन द्यायची, आणि पोळ्याला तिन्ही मिला बंद ठेवून मशीनपुढे वडे-पुऱ्यांचं पान मांडायची. बॉयलरवरचा बिसराम आणि धान वाळवणारी पार्वताबाई ही दोन जुनी माणसं तेवढ्यासाठी थांबायची. पार्वताबाईच्या घरी बुद्धवंदना. ती म्हणायची, "आमच्यात नाई हे. पन वडे बेस राह्यते बाई."

त्या वर्षी सरकारी धान भरडून द्यायची तारीख तोंडावर आली होती. सुशिलाबाईनं एका हातात फोन आणि एका हातात पान घेऊन दांड्याला चोळलं. फोनवर ट्रकवाल्याला झापत होती, मध्येच आवतन पुटपुटत होती. पानावर थोडी हळद उरली. दिवसभर तिचा उजवा खांदा ठणकत होता. बोलता बोलता तिनं उरलेलं हळद-तूप आपल्याच खांद्याला चोळलं, आणि तोंडातून तेच आलं, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या."

पार्वताबाई खो खो हसली. "काऊन वो बाई, सोताच्याच खांद्याले आवतन देल्लं?"

"मंग? मीच तं ओढून राहिली सारं," सुशिलाबाई म्हणाली आणि परत ट्रकवाल्याला धरलं.

बिसराम मात्र हसला नाही. "देल्लं तं जेवू घाला लागते बाई. आवतन देऊन पान नाई मांडलं तं पाहुना उंबरठ्यातच बसते."

दुसऱ्या दिवशी पोळ्याला तिन्ही मिला चालू होत्या. पहिल्यांदाच. वडे नाहीत, पान नाही. लोक कुरकुरत आले. सुशिलाबाई सकाळीच गोंदियाच्या ऑफिसात गेली आणि तीन वाजता परतली, तर मधली मिल बंद. एवढी शांतता की शेडवरची चिमणी ऐकू येत होती.

"बिसराम! कोनी बंद केली मशीन?"

बिसरामनं ओठावर बोट ठेवलं, आणि मग तिच्याकडे नीट पाहिल्यावर ते बोट तिथेच राहिलं.

"तुमी... तुमी केव्हा उठल्या?"

"उठाले मी निजली कवा?"

"एकचा भोंगा झाला अन् तुमी मालकाच्या खाटेवर येऊन निजल्या. भिंतीकडे तोंड करून. म्या म्हनलं, अकरा वर्षांत पहिल्यांदा निजली बिचारी, आवाज कायले करा? म्हनून बंद केली."

सुशिलाबाईनं त्याचं तोंड हुंगायचंच तेवढं बाकी ठेवलं. त्याला बोल बोल बोलली. मशीन सुरू झाली. जाता जाता तिची नजर खाटेवर गेली. मधल्या सुतळीला खाली झोळ पडला होता. अकरा वर्षांची रिकामी खाट, सुतळी सैल होणारच, असं तिनं स्वतःला सांगितलं. तरी हात लावून पाहिला. खाट कोमट होती. माणूस नुकताच उठून गेल्यावर असते तशी.

दुसऱ्या दिवशी गावातली पोरं पीडा घालवायचा मारबतीचा पुतळा घेऊन शिवेकडे गेली, "घेऊन जा गे मारबत" ओरडत. रोगराई गेली, किडे गेले, खोकला गेला. शेडमधलं काही गेलं नाही.

पुढच्या आठवड्यात पार्वताबाईनं पाहिलं. ती पटांगणात वाळत्या धानावरून पाय ओढत फिरत होती. भोंगा झाला. शेडच्या सावलीत खाटेवर बाई कुशीवर निजलेली. पाठ इकडे, केसांचा तोच लहानसा अंबाडा, पायाच्या टाचा भेगाळलेल्या. माशा बसत होत्या म्हणून पार्वताबाईनं आपला दुपट्टा तिच्या अंगावर घातला. घालताना दिसलं, उजव्या खांद्यावर हळदीचा पिवळा डाग होता, ओला, आत्ताच लावल्यासारखा. पार्वताबाई वळली, आणि फाटकाशी सुशिलाबाई गाडीतून उतरत होती.

पार्वताबाई किंचाळली नाही. ती किंचाळणाऱ्यातली नव्हतीच. तिनं गाडीतल्या बाईकडे पाहिलं, खाटेकडे पाहिलं. खाटेवर आता नुसता दुपट्टा होता, पण तो सपाट पडला नव्हता. त्याला कंबर होती, गुडघे होते.

"बाई," ती जवळ जाऊन म्हणाली, "आमी भूत मानत नाई. पन डोऱ्यानं पाह्यलं त्याले काय म्हनू, ते तुमीच सांगा."

सुशिलाबाई खाटेपाशी गेली. तिला कोणी दिसलं नाही. पुढेही कधी दिसलं नाही. मिलमध्ये नव्वद माणसांना ती निजलेली दिसायची, तिला एकटीला नाही. तिला दिसायचा फक्त सुतळीचा झोळ, दुपट्ट्याखाली सावकाश वर होणारा आणि खाली जाणारा. श्वासासारखा. आणि तुपाचा वास.

बिसराम म्हणाला, "मारबतीसंगं धाडाले पाह्यजे होतं. आता पुढच्या वर्षीच."

"मारबतीत बाहेरची पीडा जाते बाप्पा," पार्वताबाई म्हणाली. "हे घरची होय."

माणसाला कशाचीही सवय होते. दुपारी एक वाजला की हमाल आपोआप हळू बोलायचे. बाया पायातले पैंजण वाजू न देता चालायच्या. निजलेली बाई कोणाला ओरडत नव्हती, म्हणून जागी असणाऱ्या बाईपेक्षा ती लोकांना जरा आवडायलाच लागली होती. जागी बाई मात्र कमी कमी व्हायला लागली. आधी हे कोणाच्या लक्षात आलं नाही, तिच्याही नाही. ती सभेत बोलायची आणि शेजारचा माणूस तिचं बोलणं चालू असतानाच आपलं बोलणं सुरू करायचा. घरी नीतू दोनदा तिचं ताट वाढायला विसरली आणि दोन्ही वेळा तिनं स्वतःच्या गालावर मारून घेतलं. फोन तिचा चेहरा पाहून उघडायचा. एका सकाळी तिनं तो तोंडापुढे धरला, आणि फोननं चेहरा ओळखला नाही. तिनं चष्मा पुसला, पदर मागे घेतला, उजेडात गेली. फोन गप्प.

घट बसले त्या दिवशी ती काट्यापाशी उभी राहून पोती मोजून घेत होती. एक पोतं उतरलं, दुसरं यायचं होतं, तेवढ्यात फोनवर बोलत ती काट्यावर चढली. बिसरामनं सहज आकडा पाहिला.

"बाई, उतरू नोका."

"काऊन?"

"बावीस."

उन्हाळ्यात डॉक्टरकडे ती एकसष्ट भरली होती. तोंड तेच, हात तेच, दंडही तसेच भरलेले. काट्यावर बावीस. सुशिलाबाई हसली. काटा बिघडला म्हणाली. बिसरामनं पन्नासचं पोतं ठेवलं. पन्नास. काढलं, तिला चढवली. बावीस.

 मग एकचा भोंगा झाला. पार्वताबाईनं शेडकडे पाहिलं आणि म्हणाली, "चार जन या रे. खाट उचला."

रिकामी खाट बारा किलोची, हे मिलमध्ये सगळ्यांना ठाऊक होतं. चार हमालांनी ती उचलली तेव्हा ती रिकामी नाही हे त्यांच्या हातांना कळलं. कोणी खाटेकडे बघत नव्हतं, सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघत चालत होते. सावकाश, प्रेत नेतात तसं नव्हे, निजलेलं लेकरू नेतात तसं. काट्यावर खाट ठेवली. एक्कावन्न.

हिशोब करायला शाळा लागत नाही. बारा वजा केले की एकोणचाळीस. एकोणचाळीस आणि बावीस, एकसष्ट.

"सारं इकडे येऊन राहिलं," बिसराम अगदी हळू म्हणाला. "रोज थोडं थोडं. बाई, खाट बॉयलरमंदी टाकू का?"

"टाक," पार्वताबाई म्हणाली. "अन् खाटेसंगं एकोणचाळीस किलो बाईबी जाईल. मंग बावीस किलोची मालकीन कोन्या पिशवीत ठेवशील?"

 आता काय व्हायचं ते सुशिलाबाईला कोणी सांगायला नको होतं. अजून बावीस उरले होते. ते संपले की तिकडे एक बाई पूर्ण होईल, आणि ती उठणार नाही, कारण तिला उठायचं शिकवलंच नाही कोणी. ती फक्त निजायला आली आहे.

पण बाई हट्टाची. दुसऱ्या दिवशी दुपारी एकला गोंदियाला मिलवाल्यांची सभा होती, तिला अध्यक्ष करायची. ती म्हणाली, तेवढं उरकते, मग बघू. चांगलं लुगडं नेसली, फाईल घेतली आणि पावणेबाराला मधल्या मिलच्या मागून गाडीकडे निघाली. तिथे तूस बाहेर फेकणारा मोठा पंखा आहे. इतकी वर्षं ती त्याच्यासमोरून जात होती, त्या वाऱ्यानं पदर उडायचा एवढंच. त्या दिवशी पंख्यानं तिला उचललं.

फार नाही, चार पावलं. तुसासोबत, तुसासारखी. तिनं फाटकाचा गज धरला म्हणून थांबली. फाईल हातातून सुटली आणि कागद उडून गेले. गज धरून ती उभी होती, पायाखाली जमीन होती, पण पाय जमिनीवर टेकल्यासारखे वाटत नव्हते. गाडीजवळ उभी नीतू फोनवर कोणाला तरी सांगत होती, "हो, मम्मी निघाल्याच आहेत, दिसल्या की बसतोच." आणि ती सरळ सुशिलाबाईकडे बघत होती.

तेव्हा सुशिलाबाई घाबरली. आयुष्यात नवरा गेला तेव्हा घाबरली होती, त्यानंतर आता.

"नीतू," ती ओरडली. दुसऱ्यांदा ओरडली तेव्हा नीतूनं डोळे चोळले आणि धावत आली. "फोन करून सांग, मी येत नाई."

"मम्मी, अध्यक्ष..."

"दुसऱ्याले करा म्हना. अन् घरून बेसन, कनीक, तेल घेऊन ये. तांदूळ इथीच आहे."

मिलच्या गड्यांसाठी चहा व्हायचा त्या चुलीवर सुशिलाबाईनं स्वतः कढई ठेवली. नीतू करते म्हणाली, तर तिला बाजूला सारलं. आवतन जिनं दिलं तिनंच रांधायचं असतं. कितीतरी वर्षांनी तिच्या हातात झारा आला होता. पहिले दोन वडे जळले. तिसरा तेलात फुटला. पार्वताबाई बाजूला उकिडवी बसून म्हणाली, "तीन मिला चालवते अन् एक वडा चालवता येत नाई."

"चूप बस, हात भाजते."

"भाजू द्या. भाजते म्हंजे हात आहे."

सुशिलाबाईनं झारा थांबवून तिच्याकडे पाहिलं, आणि पुन्हा तेलाकडे. फोन चुलीच्या कट्ट्यावर थरथरत होता. एकदा, दहादा. तिनं त्याच्यावर परात पालथी घातली. परातीखालून तो किड्यासारखा वाजत राहिला आणि मग दमला.

एकचा भोंगा झाला. पळसाच्या पत्रावळीवर वडे, पुऱ्या, भात आणि लाखोरी डाळीचं वरण वाढून ती शेडकडे निघाली. मिल चालू होती, पण माणसं जिथल्या तिथे थांबली होती. पोतं खांद्यावर असलेला हमाल पोत्यासकट थांबला. तिच्यापुढे खाट होती. झोळ हळूच खाली गेला. आता तिलाही ऐकू आलं, सुतळी करकरली, आणि एक लांब सुस्कारा, तिच्या स्वतःच्या घशातून रात्री निघतो तसा.

तिनं पत्रावळ खाटेशेजारी जमिनीवर ठेवली.  पाहुण्याला म्हणतात ते हिला कसं म्हणायचं? शेवटी ती म्हणाली, "उशीर झाला. जेव."

काही हललं नाही.

"मशीन चालू ठेवली पोळ्याले. चुकलं माह्यं."

तरी काही नाही. नुसता श्वास, वर-खाली.  शेडच्या तोंडातून वारा आला तर सुशिलाबाई कुठे जाईल याचा नेम नव्हता. तिनं चपला काढल्या. खाटेच्या दांडीवर हात ठेवला. मग तिनं ते केलं जे तिनं छोटेलालसाठीही कधी केलं नव्हतं.

"सरक जराशी," ती म्हणाली. "मले जागा कर."

झोळ हलला. अगदी सावकाश, मोठ्या कष्टानं, झोपेत माणूस सरकतं तसा भिंतीकडे सरकला. अलीकडची सुतळी वर आली. एका बाईपुरती जागा.

सुशिलाबाई आडवी झाली. पाठ टेकली, डोकं टेकलं. डोळे उघडे ठेवून ती वरच्या पत्र्याकडे बघत राहिली. ट्रक किती वाजता सुटेल, हौदातलं धान कोण बघेल, बॉयलर... तोच तिच्या छातीवर एक हात येऊन पडला. दिसला नाही. पण वजन होतं, चांगलं जड, निजलेल्या माणसाच्या हाताचं. कोमट. तुपाचा वास असलेला. तिनं ओरडायला तोंड उघडलं, आणि त्यातून मोठी जांभई आली.

अर्ध्या तासानं बिसराम बॉयलरपासून घाबरत घाबरत आला. पार्वताबाई शेडच्या दाराशी उभी होती.

"मशीन बंद करू का?"

"कायले? चालू दे. आता आवाजानं उठत नाई त्या."

"त्या म्हंजे?"

"दोघीबी," पार्वताबाई म्हणाली.

ऊन पटांगणाच्या पार पलीकडे गेलं होतं तेव्हा सुशिलाबाईला जाग आली. गालावर सुतळीचे वळ उठले होते. उजवा हात मुंग्या येऊन जड झाला होता, इतका जड की दुसऱ्या हातानं उचलावा लागला. ती हाताकडे बघून रडली की हसली ते दुरून कळलं नाही. खाली पत्रावळ होती. वरणाचा थेंब नव्हता तिच्यावर. सकाळपासून तिनं काही खाल्लं नव्हतं, आणि पोट तुडुंब होतं.

तिनं पाय खाली सोडले. पाय तुसात घोट्यापर्यंत रुतले. ती उठली तशी तिच्या बाजूची सुतळी ताणून वर आली. भिंतीकडची आली नाही. तिकडचा झोळ तसाच होता, वर-खाली, वर-खाली.

पटांगणात नव्वद माणसं तिच्या पहिल्या ओरडण्याची वाट बघत होती. ट्रक अजून भरला नव्हता, तिला तो तिथून दिसत होता. सुशिलाबाईनं दुपट्टा उचलून खाटेवरच्या उरलेल्या अर्ध्या जागेवर नीट पांघरला, चपला हातात घेतल्या, आणि तिला जाग येऊ नये म्हणून अनवाणी, पाय न वाजवता शेडच्या बाहेर आली.